भाकरीतला माझा तुकडा

रात्रीचे सव्वातीन वाजले होते. आयसीयूत दहा बेड, नऊ भरलेले, चार पेशंट व्हेंटिलेटरवर आणि ड्युटीवर आम्ही तिघं. सहा नंबरच्या आजोबांचं अँटिबायोटिक द्यायचं होतं. पावडरच्या व्हायलमध्ये दहा मिली डिस्टिल वॉटर सोडायचं, हलवायचं, सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. चौदा वर्षांच्या नोकरीत हजारो वेळा केलेलं काम. ट्रेमधून प्लास्टिकचं अँप्युल उचललं, मान मोडली, सुई आत घातली. शेजारी सक्शन आटोपून हातमोजे काढत असलेला ब्रदर हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते डिस्टिल नाही."

पोटॅशियम क्लोराइड होतं. दोन्ही अँप्युल प्लास्टिकची, दोन्ही दहा मिलीची, रात्रीच्या मंद उजेडात बहिणी-बहिणी वाटावीत अशी. ते इंजेक्शन तसंच गेलं असतं तर काय झालं असतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. मी ते टाकून दिलं, दुसरं घेतलं, लेबल वाचलं, इंजेक्शन तयार करून दिलं, चार्टवर वेळ टाकली, सही केली. ब्रदर काही बोलला नाही, मीही नाही.

सकाळी आठला ओव्हर देऊन स्कूटीला किल्ली लावली तेव्हा लक्षात आलं, की रात्री मला काहीच झालं नव्हतं. छातीत धस्स झालं नाही, हात कापले नाहीत. एका माणसाचा जीव माझ्या हातून जाता जाता राहिला आणि माझ्या आत पान हललं नाही. त्या चुकीपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटलं. मी स्टँडवर लावलेल्या गाडीवर तशीच बसून राहिले. किती वेळ ते आठवत नाही. वॉचमन काका येऊन विचारून गेले, "सिस्टर, पेट्रोल संपलं का?"

हे ऑगस्ट २०२३ मधलं. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. त्या सकाळनंतर मला मदत कशी मिळाली, कुठे अडले, कुणी हात दिला, ते जसं घडलं तसं लिहून ठेवते. आमच्या पेशातल्या एखादीला त्यातून रस्ता सापडला तर लिहिल्याचं चीज होईल.

कोविडच्या दोन्ही लाटांत मी कोविड वॉर्डात होते. एप्रिल-मे २०२१ मध्ये पीपीई किट चढवून सहा-सहा तास, मध्ये पाणी नाही, बाथरूम नाही. किट काढलं की घामाने भिजलेला गाऊन पिळून निघायचा. त्या दिवसांत मला काही झालं नाही. भूक लागायची, पडल्या पडल्या झोप यायची. त्रास सुरू झाला तो सगळं शांत झाल्यावर, २०२२ च्या दिवाळीच्या मागेपुढे. झोप तुटायला लागली. शेजाऱ्यांची गाडी रिव्हर्स घेताना वाजते, तो आवाज व्हेंटिलेटरच्या अलार्मसारखा आहे. तो ऐकून मी दोनदा भर दुपारी झोपेतून उठून चपला घातल्या होत्या. नातेवाइकांवर ओरडायला लागले. आधी कधी ओरडत नव्हते. झोपेसाठी सर्दीची गोळी घ्यायची सवय लागली, औषधं माहीत असलेल्या माणसाची ही एक जुनी खोड आहे.

घरी मुलीला ताप आला होता, एकशे दोन. मी सिरप दिलं, वहीच्या कागदावर वेळ आणि डोस लिहिला, दर चार तासांनी टेम्परेचर घ्यायला नवऱ्याला सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. सासूबाई दारात आल्या. "औषध दिलंस ते बरं केलंस. पण पोरीच्या कपाळावर हात तरी ठेवायचास गं." त्या रागावून बोलल्या नव्हत्या. मला मात्र त्यांचा राग आला, आणि तरीही मी उठले नाही.

असं होणारी मी एकटी नव्हते. आमच्याकडे सगळेच दमलेले असतात, त्यामुळे कोण नुसतं दमलंय आणि कोण बुडतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अँप्युलच्या त्या रात्रीआधी रुग्णालयात ताणतणाव व्यवस्थापनाची एक कार्यशाळा झाली होती. नाईटवाल्यांनी ड्युटी संपल्यावर थांबायचं, असा निरोप होता. बारा तास उभ्या राहिलेल्या आम्ही सगळ्याजणी हॉलच्या मागच्या रांगेत बसलो. वक्ते चांगले होते, मनापासून बोलले. दीर्घ श्वास घ्या, कुटुंबाला वेळ द्या, चांगला विचार करा. नंतर गुलाबाचं फूल आणि ग्रुप फोटो. प्राणायामावर माझा विश्वास आहे, आजही करते. पण त्या सकाळी मला झोप हवी होती. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूत एका पेशंटला एक नर्स असा आहे. साध्या वॉर्डात अध्यापन रुग्णालय असेल तर तीन पेशंटमागे एक, इतर ठिकाणी पाचांमागे एक. आमच्याकडे नऊ पेशंटमागे तिघं, आणि ती बरी रात्र होती. हा हिशेब बाजूला ठेवून नर्सच्या श्वासाबद्दल बोलणं मला तेव्हा पटलं नाही, आता तर अजिबात पटत नाही.

अँप्युलच्या प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशी मी आमच्याच इमारतीतल्या मनोविकार ओपीडीत जायचं ठरवलं. युनिफॉर्म बदलला, साडी नेसले, तोंडाला मास्क लावला. केसपेपरच्या खिडकीत आमचे नेहमीचे क्लार्क. मास्कमधूनही त्यांनी ओळखलं. "सिस्टर, कुणाचा पेपर काढायचाय?" मागे रांगेत आमच्या वॉर्डातून डिस्चार्ज झालेल्या एका बाईचा मुलगा उभा होता, त्याने मला नमस्कार केला. मी म्हणाले, "शेजारच्या काकूंचा, पण त्या आल्या नाहीत, उद्या काढू." आणि वळले. क्लार्कची काही चूक नव्हती. पण ज्या खिडकीवर आपलं नाव, वय आणि विभाग मोठ्याने सांगावा लागतो, त्या खिडकीतून स्टाफ कधी मदत मागायला येणार नाही, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

१४४१६ हा नंबर त्याच ओपीडीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालेली. चोवीस तास, मराठीतही. पेशंटच्या नातेवाइकांना मी स्वतःच्या हाताने तो नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. त्या दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहून मी तो लावला.

पलीकडून एक मुलगी बोलली, आवाजावरून पंचविशीची असावी. काय करता, असं विचारलं. मी म्हणाले, घरीच असते. झोप, भूक, चिडचिड असं ती विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले. मग तिने सरळ विचारलं, "ताई, जगू नये असं कधी वाटतं का?" आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं, की हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसा विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी प्रश्न माझ्यासाठी आला आणि माझे पाय गळले. मी खाली टाकीच्या कट्ट्यावर बसले. म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळी उठावंसंही वाटत नाही." आणि मग म्हणाले, "मी सिस्टर आहे. आयसीयूत असते."

ती दचकली नाही. म्हणाली, "मग तुमच्या हाताशी औषधं असतात. म्हणून मी थोडं जास्त विचारते, चालेल?" किती काळजीने विचारलं तिने. घरी कोण आहे, आज रात्री सोबत कोण असेल, नवऱ्याला सांगू शकाल का. पाऊण तास बोललो असू. आठवड्याच्या आत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, आपल्या रुग्णालयात नको तर दुसरीकडे, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. दोन दिवसांनी फोन आला, गेलात का म्हणून. त्या फोनमुळे मी गेले. नाहीतर गेले नसते.

त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, बोलका नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी येतो बरोबर." मी नको म्हणाले. तो म्हणाला, "बरं, मग डबा देतो."

शेजारच्या जिल्ह्यातलं वैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून दीड तासावर. सकाळी साडेसहाची एसटी. त्या वर्षी मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, आणि पुढे दर आठवड्याला जाणं जमलं त्यात त्या अर्ध्या तिकिटाचाही वाटा आहे. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. बाकावर बसून नंबरची वाट बघताना पहिल्यांदा कळलं, की सिस्टर समोरून जाताना पेशंट तिच्या चेहऱ्याकडे किती बघत असतात.

आधी एका निवासी डॉक्टर मुलीने तपासलं. तिचे डोळे तांबारलेले. मी सवयीने विचारलं, "मॅडम, कधीपासून आहात?" "काल सकाळपासून," ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचू लागली. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय योजनेत सलग बारा आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्य कृतिदलाने शिफारस केली ती ७४ तासांच्या आत ठेवण्याची. बत्तीस वर्षांनी आपण मागायचं तेही मूळ आकड्याच्या कितीतरी वरचं. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. तिला कोण तपासत असेल?

प्रश्नावली नऊ प्रश्नांची होती, पीएचक्यू-९. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, किती दिवस झोप लागली नाही, असं विचारत जातात; प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. २७ पैकी माझे १७ आले. पुढे रक्ताच्या तपासण्या: थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन साडेनऊ. ॲनिमियावर दर महिन्याला गर्भवतींना भाषण देणारी मी, स्वतःचं रक्त तीन वर्षांत तपासलं नव्हतं.

मोठे सर आले. त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं आहे. बर्नआउट हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याला कामाशी जोडलेली स्थिती म्हटलंय, आणि त्याच्या तीन खुणा दिल्यात: दमून रिकामं होणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. "तुमचं सुरू तिथून झालं," ते म्हणाले, "पण आता जे आहे ते नैराश्य आहे. हा आजार आहे आणि याला औषध आहे. नऊ पेशंटला तीन नर्स, यावर मात्र माझ्याकडे गोळी नाही." कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत असं म्हणत होतं.

नैराश्यावरची गोळी सुरू झाली: एस्सिटालोप्राम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. पहिले दहा दिवस मळमळ झाली, तोंड कोरडं पडायचं. फरक जाणवायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर सोडू नका, असं बजावलं होतं. नाहीतर मी दहाव्या दिवशी बंद केलं असतं. सर्दीची गोळी बंद. लोहाच्या गोळ्या सुरू.

मला सगळ्यात मोठी काळजी कागदाची होती. हा केसपेपर आमच्या ऑफिसात पोहोचला तर? सरांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ सांगितलं: उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा त्याला हक्क आहे, कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर ती कुणाला देता येत नाही. वरिष्ठाला नाही, नातेवाइकाला नाही. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. मी पाच वर्षं त्या कायद्याच्या राज्यात नोकरी करत होते आणि मला तो ठाऊक नव्हता. आमच्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल?

मग रजा. तीन आठवड्यांची परिवर्तित रजा घ्यायची तर वैद्यकीय दाखला लागतो. मी म्हणाले, "सर, कंबरदुखी लिहा ना." ते म्हणाले, खोटं लिहिणार नाही, पण तुमच्या परवानगीशिवाय आजाराचं नावही उघड करणार नाही. शेवटी 'उपचार सुरू असून २१ दिवस विश्रांतीची आवश्यकता' एवढंच लिहिलं.

तो दाखला घेऊन मेट्रन मॅडमच्या केबिनबाहेर मी पंधरा मिनिटं उभी होते. आत गेल्यावर का कोण जाणे, सगळं खरं सांगितलं. गोळ्या सुरू आहेत, तेही. मॅडमनी ऐकलं. समोर पुढच्या महिन्याचं ड्युटीपत्रक पसरलेलं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि माझ्या नावापुढच्या नाईटच्या एन, एन, एन एकामागून एक खोडायला लागल्या. कागद जुना होता, फाटू नये म्हणून डाव्या हाताचं बोट दाबून धरलं होतं. मग एवढंच विचारलं, "परत आल्यावर आयसीयू की वॉर्ड?" मी म्हणाले, वॉर्ड. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: मेडिकल वॉर्ड, मॉर्निंग. दोन महिने. "नंतर बघू," म्हणाल्या.

या एका खोडरबराने जे केलं ते त्या कार्यशाळेने केलं नव्हतं. आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनाची काळजी घ्यायची तर ती ड्युटीपत्रकात दिसली पाहिजे, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. ड्युटीपत्रकात जागा नसेल तर बाकी सगळं बोलणं हवेत राहतं.

सगळीकडून असाच अनुभव आला असं मात्र नाही. "हिला झेपत नाही, आम्हाला काय हौस आहे का," हे वाक्य माझ्या कानावर आलं, आणि ते ज्या मैत्रिणीचं होतं तिच्या डबल ड्युट्या माझ्या रजेमुळेच लागल्या होत्या. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकीला रजा दिली की दुसरीच्या पाठीवर ओझं, हीच आमची व्यवस्था आहे. दोघींमध्ये भांडण लावून ती वर्षानुवर्षं चालू राहते.

औषधाबरोबर समुपदेशन सुरू झालं. दर गुरुवारी, एकूण नऊ बैठका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्या तीन बैठकांत मी झोपेबद्दल, सासूबाईंबद्दल, पगाराबद्दल बोलले. चौथ्यात तो माणूस आला.

मे २०२१ मधली रात्र. तिशीतला तरुण, शेतीचं दुकान चालवणारा. बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर होता. रात्रभर मास्क काढायचा प्रयत्न करत होता, मी परत बसवत होते. पहाटे अडीचच्या सुमारास थोडा शांत झाला. मास्कच्या आतून म्हणाला, "सिस्टर, झोपू का?" मी म्हणाले, "झोपा." आणि पुढच्या बेडकडे गेले. साडेचारला परत आले तोवर सगळं संपलं होतं. मी कुणालाही हे सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी मनात धरून बसले होते, की मीच त्याला झोपा म्हणाले.

मॅडम "तुमची काही चूक नाही" असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी पाचव्या बैठकीला गेले नसते. त्यांनी कोरा कागद पुढे केला, त्यावर मोठा गोल काढला. "ही भाकरी समजा. त्या मृत्यूला जे जे कारण झालं, त्या प्रत्येकाला तुकडा द्यायचा. तुमचा तुकडा सगळ्यात शेवटी काढायचा." मी आधी हात लावेना. माझ्या हिशेबात अख्खी भाकरी माझीच होती. मग हळूहळू सुरू केलं. विषाणू. पहिला तुकडाच निम्म्याच्या जवळ गेला. दुखणं अंगावर काढून सातव्या दिवशी आला होता, तो एक. व्हेंटिलेटर एकही रिकामा नव्हता. त्या रात्री ऑक्सिजनचं प्रेशर दोनदा उतरलं होतं. डॉक्टर एक, तेही खाली कॅज्युअल्टीत. "आणि तुमच्याकडे किती पेशंट होते?" बावीस. मी तो आकडा मोठ्याने उच्चारला आणि गप्प झाले. बावीस पेशंट, एक नर्स. त्याचाही तुकडा काढायचा, मॅडम म्हणाल्या, तो तुकडा तुमचा नव्हे. शेवटी कडेला एक पापुद्र्याएवढी चीर उरली. मी तिच्यात माझं नाव लिहिलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. अँप्युलच्या रात्री जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

तो कागद माझ्याकडे आहे. चीर अजून तिथे आहे, मी ती खोडलेली नाही. आणखी एकदा त्या बेडपाशी जायला हवं होतं असं मला वाटतं, ते तसंच राहील. पण चिरीएवढं दुःख घेऊन माणूस कामावर जाऊ शकतो.

याला नावं आहेत हेही मॅडमनीच सांगितलं. जे करायला हवं ते परिस्थितीमुळे करता आलं नाही, त्यातून मनाला होणाऱ्या जखमेला मॉरल इंज्युरी म्हणतात; हा शब्द व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने रूढ केला. आणि उपचारात चूक झाली की पेशंटबरोबर ती चूक करणारा कर्मचारीही कोसळतो, त्याला अल्बर्ट वू या डॉक्टरने २००० साली 'दुसरा बळी' असं नाव दिलं. नावं ऐकून बरं वाटलं. आपलं दुखणं आधी कुणीतरी पाहिलंय, एवढाच त्याचा अर्थ.

कामावर रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी आयसीयूच्या इन-चार्ज सिस्टरांना पोटॅशियमची गोष्ट सांगितली. मेमो मिळेल अशी तयारी ठेवली होती. त्या उठल्या, ट्रे पाहिला, स्टोअरमधून पत्र्याचा रिकामा डबा आणवला, पोटॅशियमची सगळी अँप्युल त्यात टाकली आणि डब्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. तो डबा आता वेगळ्या कपाटात कुलपात असतो, आणि काढताना दोघांनी लेबल वाचायचं. खरं तर असं तीव्र द्रावण वॉर्डातल्या नेहमीच्या ट्रेमध्ये नसावं हे रुग्णसुरक्षेचं जुनं तत्त्व आहे. माझ्या लपवण्यामुळे ते आमच्याकडे तीन महिने उशिरा आलं.

पुढे आम्ही बुधवारची बैठक सुरू केली. दुपारी दोनला मॉर्निंग आणि इव्हनिंगचा बदल होतो, तेव्हा दोन्ही पाळ्यांचा स्टाफ हजर असतो. मेट्रन मॅडमकडून लिनन रूम वीस मिनिटांसाठी मागून घेतली. ड्युटीच्याच वेळात, कुणाला थांबवून न घेता. नियम थोडे: वरिष्ठ नाहीत, फोन नाही, लिहून घ्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, बोललंच पाहिजे असंही नाही. हा शेवटचा नियम सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आग्रहाने घालायला लावला. वाईट घटना घडली की लगेच सगळ्यांना बसवून तपशील वदवून घ्यायची पद्धत पूर्वी होती. अभ्यासांमध्ये तिचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीनच कामं सांगितलीत: पाहा, ऐका, जोडून द्या. कुणी बुडताना दिसली तर तिला शेजारच्या जिल्ह्यातला वार आणि वेळ सांगायची, आणि बसपर्यंत सोबत जायचं. आजवर दोघी गेल्या आहेत. एकीच्या वेळी मीच स्टँडवर होते.

नर्सिंग स्कूलमध्ये आमच्या ट्यूटर केईएमच्या परिचारिकांची गोष्ट सांगायच्या. १९७३ मध्ये हल्ल्यात जायबंदी झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागला त्यांनी २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं सांभाळलं. आम्ही ती सेवेची गोष्ट म्हणून ऐकली. लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यांवर बसलेल्या आठ-दहा जणींकडे बघताना ती मला वेगळी आठवते. आपल्यातली एक पडली तर तिला आपण सांभाळायचं, हे आपल्या पेशात आधीपासून आहे.

आयसीयूत आता आणखी एक गोष्ट होते. पेशंट गेला की नळ्या काढण्याआधी आम्ही एक मिनिट थांबतो. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स नावाच्या परिचारकाने ही पद्धत सुरू केली. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा मावशी फरशी पुसत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पोछा बादलीला टेकवला, पदर डोक्यावर घेतला आणि उभ्या राहिल्या.

माझी गोळी वर्षभर चालली. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची असते, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. आता बंद आहे. आयसीयूत परत आले आहे, महिन्यातून नाईट्सही करते. पेशंट अजून तेवढेच आहेत आणि आम्हीही तेवढेच.

मागच्या पावसाळ्यातल्या एका बुधवारी बैठक संपत आली होती. त्या रात्रीचा तो ब्रदर दारापाशी उभा असायचा, कधी बसायचा नाही, कधी बोलायचा नाही. त्या दिवशी तो चादरींच्या गठ्ठ्यावर टेकला. म्हणाला, "ताई, त्या रात्री मी हातमोजे काढत होतो म्हणून बघितलं. सक्शनला आणखी अर्धा मिनिट लागला असता तर नसतं बघितलं. तेव्हापासून मी ड्युटीवर सारखा मागे वळून बघतो. सगळ्यांचे हात बघतो. घरी गेलो तरी बायकोचे हात बघतो, ती मीठच घालते की दुसरं काही."

मी माझ्या दुखण्यात एवढी गुंतले होते, की त्याला एकदाही विचारलं नव्हतं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. इव्हनिंगच्या सिस्टर उठायला लागल्या, मग त्याच्याकडे बघून परत खाली बसल्या. मी म्हणाले, "सांग. आम्ही आहोत."